करडांच्या किनारीचा फ्रॉक

नवतपा लागला की मी दुपारी शिवणाला बसत नाही. जेठातले हे नऊ दिवस नागपुरात कसे जातात ते इथल्याच माणसाला कळावं. हातातली सुई गरम लागते, बोटांच्या घामाने पांढऱ्या कापडावर मळकट ठसे उमटतात, आणि कपड्यावर छापायचा रंग बाटलीतून काढून वाटीत घेईपर्यंत त्यावर साय धरते. म्हणून या दिवसांत मी पहाटे साडेपाचला बसते आणि आठ वाजता सगळ्या बाटल्यांना झाकणं लावते. मुलगी हसते. म्हणते, "आई, एसी आहे आता घरात. बंद खोलीत बस ना." तिचं खरं आहे. पण ही सवय मला माझ्या बहिणीने लावली, सत्तरच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात, आणि ती मोडावी असं मला कधी वाटलं नाही.

तेव्हा आम्ही महालात राहत होतो. दोन खोल्या आणि मागे टिनाची पडवी. बाबा एका सरकारी कचेरीत कारकून. मी आठवीची परीक्षा देऊन मोकळी झाले होते. कुसुमताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी, उमरेडला दिलेली. तिच्या सासरी हातमाग होता. दिवाळीनंतर तिला खोकल्यातून रक्त पडलं आणि भाऊजींनी तिला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात आणून टीबीच्या वॉर्डात भरती केलं. चार महिने ती तिथे होती. चैत्रात सुटली, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की गोळ्या अजून पुष्कळ दिवस चालतील, आराम पाहिजे, आणि दिवाळीपर्यंत लहान मुलांना जवळ घ्यायचं नाही. म्हणून ताई उमरेडला न जाता आमच्याकडे आली. तिची पावणेदोन वर्षांची रंजू तिकडे आजीजवळ राहिली.

ताई पडवीत राहायची. तिची खाट, तिचं ताट, तिचा पेला, सगळं वेगळं. आई तिच्या ताटात वाढायची ते जरा वरूनच. आईच्या मायेत काही कमी नव्हतं; मला आणि बाबांना जपायचं आणि ताईलाही जपायचं, या दोन्हींच्या मधे तिचा हात तसा अधांतरी राहायचा. ताईच्या ते लक्षात येत होतं. ती ताट आणखी खाली धरायची, म्हणजे आईला सोपं जावं.

दवाखान्यातून आलेल्या सामानात एक खाकी लिफाफा होता. त्यात ताईच्या छातीच्या एक्स-रेच्या फिल्मा होत्या, सातआठ तरी. एके सकाळी आईने एक काढून उन्हाकडे धरली. काळ्या कागदावर पांढऱ्या फासळ्या. आई पाहतच राहिली. मग म्हणाली, "हे फेकून देऊ का वं कुसुम? असलं घरात कायले ठेवाचं?"

"फेकू नको. मले पाहिजेत," ताई खाटेवरून म्हणाली.

"कायले?"

"स्टेन्सिल कापाले."

लग्नाआधी ताई सीताबर्डीला शिवणाच्या क्लासला जात असे. तिथे मेणाच्या जाड कागदाचे साचे कापायला शिकवत. कागदात फूल कापून काढायचं, तो कागद कापडावर ठेवायचा, आणि कापलेल्या जागेतून रंग टिपायचा. पण मेणकागद चारपाच वेळा वापरला की मऊ पडतो. फिल्म भिजत नाही, फाटत नाही, वर्षानुवर्षं टिकते, असं वॉर्डातल्या एका नर्सबाईने ताईला सांगितलं होतं. शेवटची फिल्म डॉक्टरांना दाखवायची म्हणून ताईने बाजूला काढली. बाकीच्या सगळ्या आम्ही घमेल्यात, धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात बुडवल्या.

ते काम माझं. नारळाच्या शेंडीने मी त्या घासल्या तसा काळा थर सुटत गेला. आधी कडा मोकळ्या झाल्या, मग खांद्याची हाडं, मग एकेक फासळी. घमेल्यातलं पाणी राखेसारखं झालं. मला कसंतरीच वाटत होतं, जणू मी ताईलाच घासून पुसून काढते आहे. ताईच्या मनात मात्र तसं काही नसावं. तिला चांगला टणक कागद हवा होता, तो मिळाला होता. दोरीवर चिमट्यांनी लावलेल्या त्या निळसर पारदर्शक फिल्मांकडे ती फार दिवसांनी भूक लागल्यासारखी पाहत होती.

मग आमचा दिनक्रम ठरला. पहाटे उठायचं. पडवीतल्या पाटावर काच ठेवायची, काचेवर फिल्म. बाबांच्या दाढीचं अर्धं पातं ताईने बांबूच्या काडीत अडकवून दोऱ्याने गच्च बांधलं होतं. त्याने ती कापायची. हात कधी थरथरायचा, मग ती थांबायची, श्वास घ्यायची, पुन्हा सुरू करायची. घरातल्या शिवणाच्या मशीनचं पायडल मारायला डॉक्टरांनी मनाई केली होती. म्हणून मी स्टुलावर बसून पायडल मारायची आणि ताई बाजूला उभी राहून कापड पुढे सरकवायची. एका शिवणीला दोघींचं अंग लागायचं. सुरुवातीला माझा पाय पुढे आणि तिचा हात मागे, असं होऊन दोरा तुटायचा. "तू काहून पळून राहिली वं? कुठी जाचं आहे तुले?" ती म्हणायची. आठ दिवसांत आमचा ठेका जमला. त्यानंतर तिला "थांब" म्हणावं लागत नसे. तिने हात उचलला की माझा पाय आपोआप थांबायचा.

स्टेन्सिलची एक खुबी तिने मला तेव्हाच शिकवली. पान आणि देठ, देठ आणि फूल यांच्यामधे बारीक पट्टी न कापता सोडायची. तिला ती पूल म्हणायची. पूल सोडला नाही तर अख्खं फूलच निसटून खाली पडतं आणि हातात नुसतं भोक राहतं. मी पहिल्यांदा कापलेल्या निंबाच्या डहाळीचं तसंच झालं. ताई रागावली नाही. "आता तुले समजलं," एवढंच म्हणाली. आजकाल सीताबर्डीत प्लास्टिकचे तयार साचे मिळतात, हव्या त्या नक्षीचे. मी आणते, वापरतेही. पण साचा हातात घेतला की माझी नजर आधी पुलांवर जाते. कापणाऱ्याने ते मन लावून सोडले आहेत की नाही, हे मी बघते.

आईच्या जुन्या पांढऱ्या लुगड्याचे आम्ही दोन पडदे शिवले आणि खालच्या काठाला निंबाची हिरवी डहाळी छापली. रंग ओला नको, रंग टिपायचा कापडी बोळा जवळजवळ कोरडा पाहिजे, उभा धरून टिपायचा, घासायचा नाही. नवतप्याआधीचं ऊनही असं होतं की एक डहाळी छापून दुसरीकडे वळेपर्यंत पहिली वाळलेली असे. मग उलट्या बाजूने कोळशाची इस्त्री फिरवायची, म्हणजे रंग पक्का. ते पडदे दारात लागले त्या दिवशी बाबा कचेरीतून आले आणि उंबऱ्याबाहेरच थांबले. "आपलंच घर ना?" म्हणाले. ताई हसली. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

पडदे शेजारच्या घाटोळेकाकूंनीही पाहिले. त्यांच्या मुलीचं लग्न जेठात होतं. दारात उभ्या राहून त्यांनी पडदा हातात घेतला. "भल्ला सुंदर झाला बाई! कोणं केला?"

आईने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आमच्या मंदानं. सुट्टी आहे ना, शिकून राहिली."

पडवी तिथून चार पावलांवर होती आणि ताई जागी होती. काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, माझी बोटं हातात घेऊन पाहिली, आणि लेकीच्या रुखवतासाठी सहा उशांचे अभ्रे मागितले. संत्र्याची फांदी छापून पाहिजे म्हणाल्या. मी हो म्हटलं. खोटं सांगावं लागतंय याचं मला वाईट वाटलं, पण त्यापेक्षा जास्त मला ती पाठ थोपटलेली आवडली. हे आज लिहिताना मला लपवायचं नाही. मी पडवीत गेले तेव्हा ताईने विचारलं, "किती पाहिजेत?" "सहा." "मग संत्र्याची फांदी मोठी घेऊ. उशीवर लहान दिसते," ती म्हणाली आणि पेन्सिल मागितली.

त्या सहा अभ्र्यांवरची संत्री मला अजून डोळ्यांपुढे दिसतात. केशरी रंगावर तिने दुसऱ्या साच्याने जरा गडद सावली दिली होती, त्यामुळे फळ गोल वाटायचं. काकूंनी ते नेले आणि गल्लीभर माझं नाव झालं.

ताईचं मन मात्र दुसऱ्याच कापडात होतं. रंजूचा दुसरा वाढदिवस नवतप्यातच येत होता. तिच्यासाठी फ्रॉक शिवायचा होता आणि माप माहीत नव्हतं. सहा महिन्यांत मूल किती वाढतं? ताई हवेत हात धरून अंदाज करायची, इतकी असेल, नाही, इतकी. शेवटी बाबाच म्हणाले, "मी जातो अन् माप घेऊन येतो." खिशात पांढरा दोरा घेऊन ते रविवारच्या एसटीने उमरेडला गेले.

संध्याकाळी परत आले. टोपी काढून त्यांनी खिशातला दोरा ताईच्या हातात दिला. त्याला गाठी मारलेल्या होत्या. "ही पयली गाठ खांद्यापासून गुडघ्यालोक. ही छाती. हा हात. उभीच राहत नव्हती पोट्टी. बकरीची करडं आहेत अंगणात दोन, त्याहीच्या मागं पळे. मग मी म्हटलं, चाल, आपण करडाले मोजू. आधी करडाले मोजलं, मग ते मोजू देली."

ताईने दोरा ताणून धरला. पहिल्या गाठीपर्यंत बोट नेलं. मग दोरा स्वतःच्या कमरेजवळ उभा लावून पाहिला आणि म्हणाली, "एवढी झाली?" बाबा पाणी प्यायला म्हणून आत गेले. त्यांचा पेला भरलेला तसाच ओट्यावर राहिला होता, हे मला नंतर दिसलं.

फ्रॉकच्या खालच्या घेरावर करडांची रांग छापायची असं तिने त्याच दिवशी ठरवलं. करडू कापणं फुलापेक्षा अवघड. चार पाय बारीक, उड्या मारणारे. पातं जरा सरकलं की पाय तुटायचा. फिल्मचे तीन तुकडे वाया गेले. चौथ्यावर जमलं. पिवळ्या वॉईलवर तपकिरी करडं, एक पुढे पाहणारं, एक मागे वळून पाहणारं. खाली चार बोटं कापड तिने आत दुमडून घेतलं, पुढे उंची वाढली की सोडता यावं म्हणून. मशीनवर बाकी सगळं आम्ही दोघींनी केलं. त्या दुमडीची तुरपाई मात्र तिने माझ्या हाताला लागू दिली नाही. दोन सकाळी बसून एकटीने घातली.

"मंदा, तू जाजो बाबासोबत," ती म्हणाली. "अन् विचारलं तर सांगजो, तूच शिवला म्हणून. माहं नाव काढलं तर ते लेकराच्या अंगावर घालणार नाहीत."

काकूंच्या वेळी आईने खोटं सांगितलं होतं. या वेळी ते मला सांगायचं होतं.

उमरेडला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. भाऊजी सूत आणायला बाहेर गेले होते. ताईच्या सासूबाई मागाजवळ सुताची कांडी भरत बसल्या होत्या. उंच, काटकुळ्या, कपाळावर गोंदलेलं. रंजू त्यांच्या पदराआडून माझ्याकडे पाहत होती. मी फ्रॉक काढून दिला. त्यांनी तो उजेडात धरला. करडं पाहून रंजू पदराबाहेर आली.

"कोणं शिवला?" सासूबाईंनी विचारलं.

"मी शिवला, मावशी."

त्यांनी फ्रॉक उलटा केला. खालची दुमड दोन बोटांत धरून टाके पाहिले, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत. जन्मभर सूत पाहिलेले डोळे ते. "ही तुरपाई कुसुमची आहे," त्या म्हणाल्या. "माहे चार झंपर तिनंच शिवले. मले तिच्या हाताची वळख नाही काय? खोटं काहून बोलली वं पोरी?"

बाबा पुढे झाले. "विहीणबाई, तिचा दोष नाही. आम्हीच सांगितलं तिले."

सासूबाईंनी फ्रॉक मांडीवर ठेवला. रागावतील असं मला वाटलं होतं. त्या जमिनीकडे पाहून बोलू लागल्या. "माहा थोरला पोरगा याच दुखण्यानं गेला. मागावर बसूनच खोकत राहे. तवा मले कोणी सांगतलं नाही का याची वाकळ दुसऱ्याले देऊ नका, याचा गिलास वेगळा ठेवा. माही लहान पोरगी त्याच्याच मांडीवर खेळे. दोन वर्षांनं तेही गेली." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कुसुमवर माहा राग नाही, बाई. पण मले भेव वाटते. ते भेव मी कुठी टाकू?"

त्या उठल्या. मागच्या अंगणात चुलीवर सूत उकळायचा मोठा गंज होता. त्यात पाणी घालून त्यांनी जाळ केला. पाणी खदखदू लागलं तसा त्यांनी तो पिवळा फ्रॉक त्यात सोडला आणि लाकडाने दाबून धरला. बाबांनी मान फिरवली. मी पाहत राहिले. पाणी रंगेल आणि सगळी करडं त्यात विरघळून जातील, असं मला वाटत होतं. त्यांनी फ्रॉक काढला, पिळला आणि उन्हात दगडावर पसरला. त्या उन्हात तो किती वेळात वाळला असेल! आमचं पाणी पिऊन होईपर्यंत वाळला. मग त्यांनी रंजूला पुढ्यात उभं केलं आणि तो तिच्या अंगात घातला. बरोबर बसला. रंजू वाकून घेरावरच्या एकेका करडावर बोट ठेवू लागली. तोल जाऊन बसली, पुन्हा उठली.

निघताना सासूबाई म्हणाल्या, "कुसुमले सांगजा, घातला म्हणून."

घरी आल्यावर मी ताईला सगळं सांगितलं. खोटं बोलले तेही, पकडले गेले तेही. थोरल्या दिराचं तिला थोडंफार माहीत होतं, लहान नणंदेचं माहीत नव्हतं. मी उकळत्या गंजाचं सांगितलं तेव्हा तिचा हात खाटेच्या काठावर घट्ट झाला.

"रंग गेला?" तिने विचारलं.

"नाही."

"एकाही करडाचा?"

"नाही, ताई."

ती भिंतीकडे तोंड करून झोपली. तिची पाठ हलत होती. मी पडवीच्या पायरीवर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी मी कोणाला न विचारता घाटोळेकाकूंकडे गेले. त्या लग्नाच्या सामानात बसल्या होत्या. अभ्रे वरच ठेवलेले. मी म्हटलं, "काकू, हे मी नाही केले. ताईनं केले. पडदेही तिनंच केले." काकू माझ्याकडे पाहत राहिल्या. "बरं," म्हणाल्या. संध्याकाळी त्यांची मोलकरीण वर्तमानपत्रात गुंडाळलेली घडी आमच्या दारात ठेवून गेली. सहाही होते.

आई माझ्यावर चिडली. "काहून सांगतलं तू? काय गरज होती?" पडवीतून ताईचा आवाज आला, "बरं केलं तिनं, आई." आई ती घडी हातात घेऊन स्वयंपाकघरात किती वेळ उभी होती कोण जाणे. रात्री अंथरुणं घातली तेव्हा आमच्या सगळ्यांच्या उशांवर संत्र्याच्या फांद्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून आईने ताईला वाढताना ताट हातात धरलं. पेला वेगळाच राहिला, डॉक्टरांचं म्हणणं होतं तोपर्यंत. पण वरून वाढणं थांबलं.

माणसं भीतीने काय काय करतात, याचा विचार मी पुढे पुष्कळ केला. सासूबाईंची भीती आणि काकूंची भीती एकाच दुखण्याची होती. एकीने कापड उकळलं आणि अंगावर घातलं. दुसरीने दारात आणून ठेवलं. मी काकूंना दोष देत नाही. त्यांनी ओळख कधी तोडली नाही, त्या हळदीकुंकवाला येत राहिल्या. फक्त त्यांच्यासमोर मी पुन्हा कधी शिवणाचा विषय काढला नाही. आणि कोणी माझ्या हातचं कौतुक केलं की आजही माझी जीभ क्षणभर अडते. हे खरंच माझं आहे ना, असं मी मनात तपासून घेते.

पावसाळा गेला, ताईचं वजन वाढलं. आश्विनात डॉक्टरांनी नवी फिल्म काढली, खिडकीशी धरून पाहिली आणि म्हणाले, आता घरी जायला हरकत नाही, गोळ्या मात्र सोडायच्या नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत भाऊजी घ्यायला आले. सोबत म्हणून मीही गेले, आठ दिवस.

रंजू तिला ओळखत नव्हती. सासूबाईंनी लेकराला पुढे ढकललं, "जाय वं, तुही आई आहे." रंजू त्यांच्याच पदरात शिरली. ताई तिच्या मागे गेली नाही. तिने हात पुढे केले नाहीत, हाक मारली नाही. अंगणात, तुळशीपासून जरा दूर, ती घरातले फाटके कपडे घेऊन शिवत बसली. पहिले दोन दिवस रंजू ओसरीतून तिला पाहत होती. तिसऱ्या दिवशी अंगणात उतरली, पण मधे बकरी राहील अशा बेताने. मला राहवेना. मी म्हटलं, "ताई, उचलून घे ना तिला." ती म्हणाली, "नाही. ते येईन तवा येईन."

पाचव्या दिवशी दुपारी रंजू रडत आली. उघड्या पायात बाभळीचा काटा गेला होता. ती आजीकडेच गेली. सासूबाईंनी पाय मांडीवर घेतला, डोळे बारीक केले, पाय उजेडाकडे वळवला. काटा आत मोडला होता आणि त्यांना तो दिसेना. मग म्हणाल्या, "जाय, तिच्याजवळ जाय. सुई तिच्याजवळ आहे."

रंजू लंगडत ताईपाशी गेली आणि थोडी अलीकडेच उभी राहिली. ताईने हातातलं शिवण खाली ठेवलं. सुईतला दोरा काढला, सुईचं टोक पेटत्या काडीवर धरून पुसलं. रंजूने आपणच पाय पुढे केला. तो इवलासा, धुळीने भरलेला तळवा ताईने मांडीवर घेतला, पदराने पुसला आणि वाकली. मी ताईचा हात पाहत होते. तो जरासुद्धा हलला नाही. रंजूने एकदा ओठ दुमडले, रडली मात्र नाही. काट्याचं काळं टोक वर आलं. ताईने ते नखाने ओढून काढलं आणि तिला दाखवलं.

"निघाला," ताई म्हणाली.

रंजूने काट्याकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं. पाय मात्र काढून घेतला नाही.